चौरस ताटाचा जुलूम आणि गुळाचा खडा

सांडगी_मिरची (धागाकर्ती)

काल एका ताईंची पोस्ट तीन ग्रुपांवरून फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं: पोळी, भाजी, वरण, भात हा चौकोन म्हणजे बाईला ओट्याशी बांधून ठेवायची युक्ती, शहाण्या घरात रात्री एकच पातेलं चढतं, आणि ज्या अजूनही चारी पदार्थ रांधतात त्या 'स्वतःच्याच बेड्यांना कल्हई करतात'. वाक्य झकास जमलंय. मी कल्हईवाल्यांतली, म्हणून झोंबलं.

आमच्या घरात सहा तोंडं. सासऱ्यांना शुगर, भात दोन घास. सासूबाईंच्या दातांचं काम चालू, पोळी चावत नाही. थोरला चौदाचा, एका बैठकीत सहा पोळ्या उडवतो. धाकटीला मिरचीचं बी दिसलं तरी ती पाण्याचा तांब्या शोधते. नवरा आणि मी काहीही खातो. आता ते एक पातेलं कुणाच्या बेताने चढवू? खिचडी टाकली की सासऱ्यांना दोन भाकऱ्या वेगळ्या, आणि थोरला दहा वाजता 'आई, काही आहे का' म्हणत फ्रीज उघडणार. चार गोष्टी पुढ्यात असल्या की ज्याला जे हवं ते तो हवं तेवढं वाढून घेतो. मला कुणासाठी वेगळं करावं लागत नाही. एकट्यादुकट्याला एक पातेलं ठीक आहे, नाही कोण म्हणतंय?

शिवाय हे काही चार स्वयंपाक नव्हेत. कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ, त्याच्यावर ताटलीत बटाटे किंवा लाल भोपळा. दुपारी साधं वरण, तूप, लिंबू. उरलेल्याची रात्री चिंच, गोडा मसाला आणि गुळाचा खडा घालून आमटी. तीही उरली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात कणकेचे तुकडे सोडायचे, झाली वरणफळं. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, शिळ्या भाताचा फोडणीचा भात. एकातून दुसरं निघत जातं.

जाच कशाचा असेल तर 'तव्यावरची दे'चा. सगळे जेवतायत आणि एकजण घाम पुसत लाटतेय. ते मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बंद केलं. पोळ्या आधी होतात, डब्यात जातात, सगळे एकदम बसतात. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या.

कुकरची_शिट्टी

छान लिहिलंय, पण सोयीचं तेवढंच. कुकर लावायला पाच मिनिटं लागतात हो. मेथी निवडायला, लसूण सोलायला, दाणे भाजून कूट करायला, विरजण लावायला, उद्या कसली भाजी याचा आज विचार करायला किती लागतात? ते घड्याळात दिसत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि जे थोडे पुरुष घरकाम करत होते त्यांची ९७. यातली बरीच मिनिटं तुमच्या त्या चौकोनातच मुरतात.

आणि एक सरळ प्रश्न. तुमच्याकडे पोळ्यांना बाई येतात ना?

सांडगी_मिरची

येतात. सकाळच्या. रात्रीच्या माझ्या.

कुकरची_शिट्टी

हे वर का नाही आलं? दुसरीच्या मनगटावर चौरस ताटाचं कौतुक कुणीही करेल. त्या बाई तुमच्या, शेजाऱ्यांच्या, अशा दिवसाला दीडशे पोळ्या लाटून घरी जाऊन काय रांधत असतील, विचारलंत कधी?

सांडगी_मिरची

विचारलंय. पिठलं-भाकरी. आणि रात्रीचं जेवण त्यांचा नवरा करतो, तुमच्या अंदाजावर पाणी पडलं त्याबद्दल क्षमस्व. माझ्या घरात कोण येतं याचा हिशेब मी इथे द्यायचा, आणि तुमच्याकडे भांड्यांना कोण येतं ते गुलदस्त्यात?

धुळ्याचा_दादा

तुमचं बायाबायांचं चालू द्या. मी एकाच शब्दावर अडकलोय. आमटीत गूळ??

आमच्याकडे कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, ठेचा. ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यातच मीठ, बाजूला कच्चं तेल. संपलं जेवण. चौकोन-बिकोन पाहुणे आले तरच. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मेसची आमटी पहिल्यांदा तोंडात घातली आणि मला वाटलं कुणीतरी चुकून बासुंदीचा डाव वापरलाय. गूळ पुरणात घाला, तिळात घाला. त्या तुरीने तुमचं काय बिघडवलंय?

पेठेतली

चला, आले. दादा, मेसची आमटी हा पुरावा असेल तर लग्नाच्या पंगतीतलं भरीत हा तुमच्याविरुद्धचा पुरावा, चालेल?

गूळ गोड करायला घालतच नाहीत. चिंचेचा आंबटपणा नुसता राहिला तर दातांना लागतो, आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल कडवट बाजूला ओढतं. तीळ-खोबरं ते सावरतं, राहिलेलं तो खडा सावरतो. 'गोडा' म्हणजे साखरेचा डबा नव्हे. गूळ वेगळा ओळखू आला तर समजा आमटी बिघडली.

बोअरचं_पाणी

गुळाचं राहू द्या, आमची डाळच शिजत नाही. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ वेगळी, पाणी वेगळं.

पेठेतली

जड पाणी. प्यायच्या फिल्टरचं घ्या, अर्धा तास भिजवा. आणि चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच, आधी घातलं की ती हट्टाला पेटते.

बी_बारा_ग्रस्त

सगळे चवीवर बोलताय. शाकाहारी लोकांच्या बी-१२ बद्दल कुणी बोलणार आहे का? चौरस ताटाच्या घरात जन्मलो, वाढलो, आणि बेचाळिसाव्या वर्षी पायाला मुंग्या येतात म्हणून इंजेक्शनं घेतोय. वरण-भातात बी-१२ नसतं, भाकरीत नसतं, ठेच्यातही नसतं.

धुळ्याचा_दादा

भाऊ, दूध-दही घ्या, डॉक्टरचं ऐका, आणि नवीन धागा काढा. इथे गुळाचा निकाल लागायचाय.

वऱ्हाडी_झणका

दादा, विदर्भालाही तुमच्या बाजूला धरलं असेल तर थांबा. आमची बुढी आंबट वरण करायची, चिंच आणि गूळ दोन्ही घालून, वरून लाल मिरचीची फोडणी. काहून इतके तापता? तिखटवाल्यांच्या घरात गूळ नसतो ही पुण्याच्याच लोकांची समजूत, तुम्हीही तीच धरून बसलात.

धुळ्याचा_दादा

घरभेदी!

येसर_वाले

मराठवाड्याला कुणी विचारणारच नाही, सवय आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेवर गेली तेव्हा तुमचे गूळवाले आणि बिनगूळवाले दोघेही रडत होते. आमच्याकडे येसर. धान्य, हरभऱ्याची डाळ, धने भाजून दळून ठेवायचं, दोन मुठी उकळत्या पाण्यात सोडायच्या, झाली आमटी. बरोबर भाकरी. कुकर नाही, चौकोन नाही, आणि ओट्यावर अर्धा दिवसही नाही. 'घरचं साधं जेवण' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे वरण-भात-तुपाची मूदच का येते, यावर खरी चर्चा हवी. भात आमच्याकडे सणाला व्हायचा.

कुकरची_शिट्टी

अगदी! ज्याला आपण परंपरा म्हणतोय ते काही घरांचं ताट आहे. बाकी महाराष्ट्र एका भाकरीवर आणि एका कोरड्यासावर जेवत आलाय. म्हणजे ती एका पातेल्याची पोस्ट बरोबरच होती.

सांडगी_मिरची

येसरवाल्यांचा मुद्दा मान्य. माझं ताट सगळ्या महाराष्ट्राचं नाही. पण भाकरी थापणं हे 'एक पातेलं' कधीपासून झालं? थापून दाखवा दहा, मग बोलू.

गावाकडचे_काका

वय एकाहत्तर. सहसा लिहीत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो, नगरकडे. रेशनला मिलो यायची, लाल ज्वारी, परदेशातली. भाकरी थापताना चिरायची. आई गरम पाण्यात उकड काढून कशीबशी थापायची. आम्ही पाच भावंडं, वडील, आजी. चौकोन की पातेलं असला प्रश्न नव्हता, भाकरी आणि मिठाचं पाणी घातलेली चटणी. आई सर्वांत शेवटी बसायची. टोपलीत काय उरायचं ते मला ठाऊक नाही, कारण आमच्यापैकी कुणी कधी तिकडे पाहिलंच नाही. पुढे बरे दिवस आले, घरात चारी पदार्थ व्हायला लागले. ती तरीही शेवटीच बसायची. सून म्हणायची, आई, बसा आता. ती बसायची नाही.

तुम्ही भांडा. मला एवढंच आठवलं.

कुकरची_शिट्टी

काका, नमस्कार. हेच मी सांगतेय.

सांडगी_मिरची

नाही हो, हे मी सांगतेय! बरे दिवस आले, पदार्थ वाढले, तरी त्या शेवटीच. आणि एकच भाकरी होती तेव्हाही शेवटीच. म्हणजे पदार्थ मोजून काय निघालं?

कुकरची_शिट्टी

काकांच्या आईंवर तरी ओढाताण नको. थांबते.

पेठेतली

(मी मघाशी पंगतीतल्या भरतावरून बोलले ते दादांनी मनावर घेऊ नये. ते भरीत खरंच वाईट होतं मात्र.)

कुकरची_शिट्टी (दोन दिवसांनी)

कळवते. काल सासू-सासरे आले, म्हणून वरण, भात, फ्लॉवर-बटाटा, काकडीची कोशिंबीर. पोळ्या नवऱ्याने लाटल्या. एकही गोल नव्हती, दोन तर विदर्भासारख्या दिसत होत्या. सासऱ्यांनी भात टाळला, मुलीने पोळी टाळली, कुणासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. तुमचं ते गणित एवढ्यापुरतं खरं निघालं. मत बदललेलं नाही. कोशिंबिरीचे दाणे मीच कुटले, रात्री अकराला.

वऱ्हाडी_झणका

विदर्भासारख्या म्हणजे काय? आमचा नकाशा चांगला आहे.

धुळ्याचा_दादा

बायको माहेरी आहे. काल रात्री वरण उरलं होतं. चिंच घातली, गोडा मसाला शेजारच्या काकूंकडून आणला आणि, ठीक आहे, घातला. मुलीने दोनदा घेतली. तिला सांगितलं नाही आत काय आहे.

पेठेतली

खडा केवढा?

धुळ्याचा_दादा

सुपारीएवढा. त्याच्या वर एक कणही नाही. आणि वरून ठेचा घेतला होता.