तारण (पापापासून सुटका) झाले असेल, तर त्याची खात्री मला का वाटत नाही?

प्रश्न
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. बारा वर्षांपूर्वी मी पश्चात्ताप करून येशूवर विश्वास ठेवला आणि बाप्तिस्माही घेतला. तरीही एखादे जुने पाप पुन्हा हातून घडले, की ती पहिली प्रार्थना मनापासून केली होती की केवळ भावनेच्या भरात, असा प्रश्न पडतो आणि मी ती पुन्हा करते. इतरांच्या साक्षी, म्हणजे त्यांच्या विश्वासाचे अनुभव, ऐकताना वाटते, यांना जे मिळाले ते मला मिळालेलेच नाही. ज्याचे खरोखर तारण झाले आहे, त्याला अशी शंका येते का?

पहिले उत्तर
ताई, येते. योहान आपल्या पहिल्या पत्राचा हेतू सांगतो (५:१३) तो असा, की पुत्राच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन लाभले आहे हे कळावे. म्हणजे विश्वास ठेवलेल्यांनाही ते कळवावे लागत होते. १६४६ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासाच्या कबुलीत (प्रॉटेस्टंट श्रद्धातत्त्वांच्या एका दस्तऐवजात), अठराव्या प्रकरणात, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही या खात्रीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. तुम्ही मात्र बारा वर्षे त्या एका प्रार्थनेचीच परीक्षा घेत आहात. तारण प्रार्थनेच्या निर्दोषपणाने होत नाही, ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने होते. मार्क ९:२४ मधील बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच श्वासात बोलून दाखवतो, आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो.

दुसरे उत्तर
मी कॅथलिक आहे, त्यामुळे थोडे सावधपणे लिहितो. आमच्या चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये असे ठरवले, की विशेष प्रकटीकरणाशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच, असे कोणी अचूक निश्चितीने म्हणू नये. मत्तय ७ मध्ये येशू ज्यांना नाकारतो, त्या ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यांनाही स्वतःविषयी शंका नव्हती.

पहिले उत्तर देणारा
तो उतारा मलाही अस्वस्थ करतो. परंतु ते लोक कशाचा आधार घेतात, हे पाहावे: आम्ही संदेश दिले, भुते काढली, महत्कृत्ये केली. त्यांची खात्री स्वतःच्या कामांवर उभी होती.

तिसरे उत्तर
साक्षींशी तुलना करू नये. २४ मे १७३८ रोजी मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना आपले हृदय विलक्षण उबदार झाल्याचा अनुभव आला. त्याची साक्ष आजही सांगितली जाते. मात्र ४ जानेवारी १७३९ रोजी त्यांनीच रोजनिशीत, आपण ख्रिस्ती नाही, असे लिहिले, हे क्वचितच कोणी सांगते. पाप घडले तर तारणाची प्रार्थना पुन्हा करण्याऐवजी, १ योहान १:९ प्रमाणे (पाप कबूल केल्यास देव क्षमा करतो), ते पाप नाव घेऊन कबूल करावे.

प्रश्नकर्ती
१:९ हे वचन विश्वासणाऱ्यांनाच लिहिले आहे, याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. पाप कबूल करणे आणि पहिल्यापासून सुरुवात करणे मी एकच समजत होते. विश्वासापासून पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे सांगणारे इब्री ६:४-६ वाचताना अजूनही भीती वाटते. त्याविषयी वेगळा प्रश्न मांडेन.