अक्षरं टाकून शब्द शोधणं म्हणजे कॉपी? मग पाढेही कॉपीच!

मांजराकाठ (लातूर)
काल 'जोगाईकर' यांनी इथं लिहिलं, की स्क्रॅबलसाठी (इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ) 'अमुक अक्षरं असलेले शब्द' मोबाईलवर शोधणारा आणि बारावीच्या पेपरला खिडकीतून चिठ्ठी घेणारा एकाच माळेचे मणी. वाचता वाचता चहा गार झाला माझा. अहो, आम्हाला ए-बी-सी-डी भेटली पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आलं 2000 साली, तोवर माझी लेकरं शाळेत होती. आता नातवासोबत खेळते. तो इंग्लिश मीडियमचा. त्याच्याकडं शब्दांचं पोतं, माझ्याकडं पावशेर. तो शाळेत गेला की मी ॲपमध्ये 'क्यू पाहिजे, यू नको' असं टाकते आणि निघालेले शब्द वहीत उतरवून घेते. शंभर सोंगट्यांत क्यू एकच, गुण दहा, आणि मेला नेमका माझ्याच पाटीवर येऊन बसतो. 'क्यू-आय' हा दोन अक्षरांचा शब्द वहीत होता म्हणून परवा क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात ठेवून आडवा-उभा दोन्हीकडं लावला. एका डावात 62. पोरगं बघतच राहिलं. याला कॉपी म्हणता?

जोगाईकर
मावशी, राग मानू नका, पण त्या क्यू-आयचा अर्थ सांगा बरं, वही न उघडता.

मांजराकाठ (लातूर)
चिनी लोक शरीरातल्या प्राणशक्तीला म्हणतात ते. वहीत अर्थाचा रकाना आहे माझ्या. तुमच्याकडं वही तरी आहे का?

जोगाईकर
तुमचं सोडा. माझं दुखणं वेगळंय. आमच्याकडं दर रविवारी चौघांचा डाव बसतो. त्यातला एक गडी चाल अडली की "आलोच" म्हणून न्हाणीघरात. पाच मिनिटांनी बाहेर येतो, हात कोरडे ठणठणीत, आणि सातही सोंगट्या एकदम लावतो. वर 50 गुणांचं बक्षीस! तीन रविवार हेच. शब्द विचारला तर म्हणतो, "वाचलाय कुठंतरी." कुठंतरी म्हणजे खिशात.

परभणीचा पाव्हणा
लातूरकर पाठांतराची बाजू घेणार नाहीत तर कोण घेणार? पॅटर्नच आहे तुमचा. पोरगं मेंदूनं नाही, पाठीवरच्या दप्तरानं हुशार.

मांजराकाठ (लातूर)
जगात जर्मनी, भारतात परभणी! क्लाससाठी लेकरं तर तुमचीच येतात आमच्या गावात खोली करून. आणि पाठांतराला नावं ठेवू नका. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद घेतलं. फ्रेंच बोलता येत नव्हतं, नुसते शब्द पाठ. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच.

परभणीचा पाव्हणा
म्हणजे तो मूळचा लातूरचाच. बरं झालं सांगितलं.

खामकाठ (संभाजीनगर)
क्यूचा विषय निघालाच आहे तर आपल्या शहराचा शब्द घ्या: क्यू-ए-एन-ए-टी, कनात. यू लागत नाही, चालतो.

परभणीचा पाव्हणा
लग्नात मांडवाला लावतात ती कनात? इंग्रजांनी मंडपवाल्यालाही सोडलं नाही का?

खामकाठ (संभाजीनगर)
ती कापडाची वेगळी. ही जमिनीखालची पाण्याची नहर. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे आत्ताचं आमचं संभाजीनगर, वसवली आणि पुढं नहर-ए-अंबरी काढली. डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारानं गावात. ना मोटर, ना लाईट, मधे मधे हवेला आणि साफसफाईला विहिरीसारखी तोंडं. आज आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी. परवा पहाटे तीनला आला, बायको उठेस्तोवर गेलासुद्धा. दोन ड्रम, एक पिंप आणि आंघोळीची बादली यावर आठवडा काढायचा. चारशे वर्षांपूर्वी जमलं ते आता कामून जमत नाही?

जोगाईकर
अहो, इथं शब्दांचं चाललंय.

खामकाठ (संभाजीनगर)
शब्दाला 14 गुण आहेत, पाण्याला किती?

परभणीचा पाव्हणा
त्या काळी गावात माणसं किती होती ते पण सांगा की. आता नहरीवर अख्खं शहर भागंल का?

खामकाठ (संभाजीनगर)
भागणार नाही, हे मलाही कळतं! पण आहे ती तरी नीट ठेवा ना. बांधकामाला खोदताना नहर फोडायची, वर स्लॅब टाकायचा आणि मग टँकरला पैसे मोजायचे. आमच्या मागच्या प्लॉटवर डोळ्यांदेखत झालंय. तुम्हाला चेष्टा सुचते, कारण तुमचा नळ चालू आहे.

परभणीचा पाव्हणा
आमचा नळ? या एकदा उन्हाळ्यात मुक्कामाला. येताना स्वतःची बादली आणा.

जोगाईकर
झालं, धागा गेला वाहून. पाणी नसताना. मावशी, तुमच्यापुरतं मान्य: डावाआधी शोधून वहीत उतरवलं तर अभ्यास म्हणू. नियमही तसाच आहे, डाव चालू असताना शब्दकोश उघडायचा तो फक्त समोरच्याच्या शब्दाला हरकत घेतल्यावर. पण न्हाणीघरवाला चोरच.

मांजराकाठ (लातूर)
त्याला चोर म्हणायला मी कधी नाही म्हटलं? एवढं मान्य करायला दोन दिवस लागले तुम्हाला. येत्या रविवारी चौघांचेही मोबाईल ज्वारीच्या कोठीत टाका आणि मग बघा तो किती वेळा "आलोच" म्हणतो.

जोगाईकर
कोठी बायकोच्या ताब्यात आहे. विचारून सांगतो.