मदत हवी आहे: दुसऱ्यांच्या अल्बममध्ये पाहुणे म्हणून वाजवलेले प्रोग्रेसिव्ह रॉकचे वादक

नमस्कार.

आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून जुने अल्बम ऐकतो. पुढच्या बैठकीची जबाबदारी माझ्याकडे आली असून माझ्या हातात दीड तास आहे. आमच्यातील बहुतेकांचा कान हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतावर तयार झालेला आहे आणि प्रोग्रेसिव्ह रॉकविषयी त्यांचा एक ठरलेला आक्षेप आहे: वीस-वीस मिनिटांच्या रचना असतात आणि प्रत्येक वादक स्वतःची तयारी दाखवण्यातच रमलेला असतो. त्यावर वाद घालण्याऐवजी मी त्यांना या वादकांची साथ ऐकवायचे ठरवले आहे. गायकाने घेतलेली जागा हार्मोनियमवाला किती नेमकी उचलतो आणि कोठे हात आवरतो, यावर त्याचे मोठेपण ठरते, हे आमच्या मंडळींना वेगळे सांगावे लागत नाही. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस यांसारख्या चमूंतील वादक दुसऱ्याच्या चार मिनिटांच्या गाण्यात पाहुणे म्हणून गेले तेव्हा त्यांनी काय वाजवले आणि काय वाजवायचे टाळले, हे त्याच कानाने ऐकता येईल, असे मला मनापासून वाटते.

तीन गाणी निश्चित केली आहेत. पहिले कॅट स्टीव्हन्स यांचे १९७० सालचे ‘काटमांडू’. त्यातील बासरी पीटर गॅब्रिएल यांची आहे. जेनेसिसमध्ये मुखवटे आणि वेशभूषा करून गाणारा हा माणूस येथे एक शब्दही गात नाही. त्याची बासरी गिटारच्या मागे धुक्यासारखी तरंगत राहते, आणि नाव ठाऊक नसेल तर वादक कोण याचा विचारही मनात येऊ नये इतकी ती मृदू आहे.

दुसरे डेव्हिड बोवी यांचे ‘हीरोज’. किंग क्रिम्सन १९७४ मध्ये विसर्जित झाल्यावर रॉबर्ट फ्रिप पुढे न्यूयॉर्कमध्ये राहत होते. १९७७ च्या उन्हाळ्यात बोवी यांच्यासोबत काम करणारे संगीतकार ब्रायन ईनो यांनी बर्लिनहून त्यांना फोन केला आणि ते विमानाने भिंतीलगतच्या हान्सा स्टुडिओत पोहोचले. गिटारचा आवाज ध्वनिवर्धकातून परत तारांवर आदळू लागला की सूर न छेडताही टिकून राहतो, पण कोणता सूर टिकेल हे गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. म्हणून फ्रिप यांनी प्रत्येक सुरासाठी उभे राहण्याची जागा शोधून जमिनीवर पट्ट्यांनी खुणा केल्या आणि त्या खुणांवर पावले टाकत वाजवले. अशा तीन वेळा घेतलेल्या वादनांपैकी एखादे निवडण्याऐवजी निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी तिन्ही एकावर एक ठेवली, आणि गाणेभर लांबून हाक मारल्यासारखा जो सूर ऐकू येतो तो त्यातून घडला. मींडेवर प्रेम करणाऱ्या श्रोत्यांना हा सूर परका वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

तिसरे क्वीनचे १९९१ सालचे ‘इन्युएन्डो’. त्याच्या मधल्या भागातील स्पॅनिश ढंगाची गिटार येसच्या स्टीव्ह हाऊ यांनी वाजवली आहे. हाऊ स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथे गेले असताना त्यांची एका जुन्या परिचिताशी गाठ पडली, क्वीन जवळच्याच स्टुडिओत असल्याचे त्यांना कळले, ते भेटायला गेले आणि गिटार हातात घेऊनच बसले. आमच्यातील दोघे साताऱ्याचे आहेत. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकले होते याचा त्यांना अभिमान आहे, त्यामुळे हे गाणे वगळण्याची सोय नाही आणि मला ते वगळायचेही नाही.

आता अडचण सांगतो. येसचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांचे नाव इतक्या ठिकाणी येते की एकट्या त्यांच्यावरच दीड तास जाईल. बोवी यांच्या ‘स्पेस ऑडिटी’मधील मेलोट्रॉन (पट्टी दाबली की फितीवर मुद्रित सूर वाजवणारे वाद्य), ‘लाइफ ऑन मार्स?’चा पियानो, कॅट स्टीव्हन्स यांच्या ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’चा पियानो, असे बरेच काही आहे. यांतील कोणत्या वादनाला खऱ्या अर्थाने पाहुणी हजेरी म्हणावे आणि कोणत्याला रोजच्या मानधनाचे काम म्हणावे? शिवाय माझ्याकडे ड्रमवादक एकही नाही, आणि सॅक्सोफोनसारख्या वाद्याकडे मी लक्षच दिलेले नाही. ज्यांनी निर्माता म्हणून संपूर्ण अल्बमवर हात फिरवला ती उदाहरणे मला नकोत, कारण निर्माता हा यजमानच असतो. कृपया गाण्याचे नाव, वर्ष आणि त्या वादनात नेमके काय ऐकावे, हे लिहावे.

प्रतिसाद १

आपला निकष योग्य आहे आणि वेकमन यांच्या बाबतीत तो तारखांवरून लावता येतो. ते १९७१ च्या ऑगस्टच्या सुमारास येसमध्ये दाखल झाले. त्यापूर्वी लंडनच्या स्टुडिओंमध्ये बोलावणे येईल तेथे जाऊन वाजवणे हा त्यांचा चरितार्थ होता. १९६९ सालचे ‘स्पेस ऑडिटी’ त्यामुळे आपल्या व्याख्येत बसत नाही. टी. रेक्सच्या १९७१ मधील ‘गेट इट ऑन’ या गाण्यात पियानोच्या पट्ट्यांवरून बोट सरकवून काढलेली लकेर वेकमन यांचीच आहे आणि तिच्यासाठी त्यांना नऊ पौंड मिळाले होते. त्या गाण्याची मात्र मी वेगळ्या कारणासाठी शिफारस करतो: त्यातील सॅक्सोफोन किंग क्रिम्सनच्या पहिल्या अल्बमचे इयन मॅकडोनल्ड यांचे आहेत. ज्याने मेलोट्रॉन आणि बासरीने तो अल्बम भारून टाकला, तोच वादक येथे नाचायच्या गाण्याला खालून नुसता टेकू देतो.

‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ हे मूळचे प्रार्थनागीत असून त्याचे शब्द एलिनॉर फार्जन यांनी १९३१ मध्ये लिहिले. गीत फारच लहान असल्यामुळे सुरुवातीला आणि कडव्यांच्या मध्ये पियानोची भर घालावी लागली, आणि आज लोकांना ते गाणे त्या पियानोवरूनच प्रथम आठवते. मूळ अल्बमवर वेकमन यांचे नाव छापलेले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

येसमध्ये असतानाची खरी पाहुणी हजेरी हवी असेल, तर ब्लॅक सॅबथचे १९७३ सालचे ‘सॅब्रा कडाब्रा’ घ्या. त्या वर्षी येस मॉर्गन स्टुडिओत ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ध्वनिमुद्रित करत होते. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे यांची माहिती आहे. ती वाचून येसचे गायक जॉन अँडरसन यांनी दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर चार दीर्घ रचनांचा हा अल्बम कल्पिला. वेकमन यांचे मन त्यात रमेना. त्याच इमारतीत ब्लॅक सॅबथचे काम चालू होते, तेथे जाऊन त्यांनी पियानो आणि सिंथेसायझर वाजवले आणि मोबदला म्हणून पैसे न घेता बिअर घेतली. आपल्या मंडळींचा जो आक्षेप आहे, जवळजवळ तोच त्या वेळी वेकमन यांच्याही मनात होता, हे त्यांना अवश्य सांगा.

प्रतिसाद २

सॅक्सोफोनसाठी मेल कॉलिन्स यांचे नाव सुचवतो. १९७० ते १९७२ या काळात ते किंग क्रिम्सनमध्ये होते आणि १९७४ च्या ‘रेड’ या अल्बमवर पाहुणे म्हणून परत आले. रोलिंग स्टोन्सच्या १९७८ सालच्या ‘मिस यू’ या डिस्कोच्या ठेक्यावरील गाण्यातील सॅक्सोफोन त्यांचा आहे. टीना टर्नर यांच्या १९८४ सालच्या ‘प्रायव्हेट डान्सर’मधील सॅक्सोफोनही त्यांचाच. मी दुसरे गाणे निवडेन. टर्नर यांच्या आवाजात थकवा आणि करारीपणा एकाच वेळी आहे, आणि कॉलिन्स त्या थकव्याला सूर देतात, पण त्याची करुण कहाणी करत नाहीत. ज्यांनी क्रिम्सनमधील त्यांचे फाटलेले, ओरडणारे सूर ऐकले आहेत त्यांना हा संयम अधिक जाणवेल. म्हणून शक्य असल्यास आधी ‘रेड’मधील ‘स्टारलेस’चा एखादा तुकडा ऐकवावा.

प्रतिसाद ३

ड्रमवादक म्हणून फिल कॉलिन्स यांना पर्याय नाही. पुढे गायक म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीमुळे त्यांच्या ठेक्याची जाण झाकली गेली, असे माझे ठाम मत आहे. १९७४ मध्ये जेनेसिसच्या ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या अल्बमसाठी ब्रायन ईनो यांनी गॅब्रिएल यांच्या आवाजावर काही ध्वनिसंस्कार केले, आणि त्याची परतफेड म्हणून कॉलिन्स ईनो यांच्या ‘मदर व्हेल आयलेस’ या गाण्यावर ड्रम वाजवायला गेले. पैशांऐवजी माणूस देऊन फेडलेले हे ऋण आहे. त्यातून ओळख वाढली आणि १९७५ च्या ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’वर ते पुन्हा आले. त्यातील ‘ओव्हर फायर आयलंड’ दोन मिनिटांहूनही लहान आहे. पर्सी जोन्स यांचा पडदे नसलेला बास आणि कॉलिन्स यांचे ड्रम एकमेकांना जागा देत चालतात. तबला आणि पखवाज ऐकणाऱ्यांना ते दोनदा ऐकवा.

त्याच अल्बमवर ‘सेंट एल्मोज फायर’मध्ये रॉबर्ट फ्रिप आहेत. स्थिर वीज निर्माण करणाऱ्या विम्झहर्स्ट यंत्राच्या दोन गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी जशी झेपावते तशी गिटार वाजावी, असे ईनो यांनी त्यांना सांगितले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत ते यंत्र पाहिलेल्या कोणालाही गिटार सुरू होताच ती सूचना दिसू लागते. ‘हीरोज’मध्ये एकेक सूर ताणून धरणारा आणि येथे सुरांचा सडा घालणारा हात एकच आहे, हे शेजारी शेजारी ऐकवल्यास आपला मुद्दा वेगळा मांडावा लागणार नाही.

प्रतिसाद ४

रश या कॅनडातील चमूचे गायक आणि बासवादक गेडी ली राहून गेले. रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस या कॅनडातील विनोदी जोडीच्या ‘टेक ऑफ’ या गाण्याचे ध्रुवपद त्यांनी गायले. मोरॅनिस त्यांचे शाळासोबती होते. १९८२ मध्ये ते गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सोळाव्या क्रमांकावर पोहोचले, तर रशचे सर्वांत वर गेलेले गाणे, त्याच वर्षीचे ‘न्यू वर्ल्ड मॅन’, एकविसाव्या क्रमांकापर्यंतच गेले.  

मूळ लेखकाकडून

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ‘सॅब्रा कडाब्रा’ची हकिकत श्रुती-स्मृतींपाशी येऊन भिडेल याची मला कल्पना नव्हती, आणि आता बैठकीची सुरुवात तेथूनच करणार आहे. त्यानंतर ‘काटमांडू’, ‘गेट इट ऑन’ आणि ‘प्रायव्हेट डान्सर’ लावेन. मध्यंतरानंतर प्रतिसाद ३ मध्ये सुचवल्याप्रमाणे ‘ओव्हर फायर आयलंड’ दोनदा, मग ‘सेंट एल्मोज फायर’ आणि लगेच ‘हीरोज’. साताऱ्याच्या मंडळींसाठी ‘इन्युएन्डो’ शेवटी ठेवतो.

एकच विचारायचे राहिले. ‘स्टारलेस’ बारा मिनिटांहून मोठे आहे आणि माझ्याकडे त्यासाठी फार तर तीन मिनिटे आहेत. मेल कॉलिन्स यांचा सॅक्सोफोन पुरेसा ऐकू यावा, पण रचनेचा ताण तुटू नये, यासाठी ते कोठून सुरू करावे?