दादर-माटुंग्याच्या कॉलन्या नक्की कुणी आखल्या?

भटक्या_दादरकर
हिंदू कॉलनीतून पारशी कॉलनीत आणि तिथून फाइव्ह गार्डन्सकडे चालत गेलं की दरवेळी एक जाणवतं, बिल्डिंगी वेगवेगळ्या मालकांच्या, तरी जुन्यांची उंची जवळपास सारखी, दोन बिल्डिंगींमधे सोडलेली जागा सारखी, रस्ते रुंद आणि दुतर्फा झाडं. कुणी म्हणतं इंग्रजांनी प्लेगनंतर बांधलं, कुणी म्हणतं पारशी लोकांनीच जागा घेऊन कॉलनी काढली. नक्की काय आहे? आणि शिवाजी पार्कही याच प्लॅनमधलं का? माहितगारांनी जरा सविस्तर सांगा ना.

नकाशेप्रेमी
प्लेगचा संबंध आहेच, पण घरं सरकारने बांधलेली नाहीत. १८९६ ला मांडवीत प्लेग निघाला, लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडायची वेळ आली. मग १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या काळी समज असा की रोगाचं मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमधे आहे, प्लेग उंदराच्या पिसवांमुळे पसरतो हे सगळ्यांना पटायला अजून काही वर्षं जायची होती. म्हणून ट्रस्टचा सगळा भर उजेड आणि हवेवर. दक्षिणेकडे दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले, आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथे शेतं आणि सखल जमीन होती ती ताब्यात घेऊन नवीन उपनगर आखलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. ट्रस्टने आधी भराव घातला, रस्ते, गटारं, बागा आखल्या आणि प्लॉट पाडून ते लीजवर दिले, मालकी स्वतःकडेच ठेवली. जमीन लीजवर असल्यामुळे अटी घालता आल्या आणि पाळायलाही लावता आल्या. त्यातली एक अट बघा, खोलीच्या खिडकीवर साडेत्रेसष्ट अंशाच्या कोनातून आकाश दिसलं पाहिजे. हिशेब सोपा आहे, समोरची भिंत जेवढी उंच त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मधे हवी. म्हणजे चाळीस फुटांची बिल्डिंग असेल तर वीस फूट. तुम्हाला जी सारखी अंतरं दिसतात ती या हिशेबातून आलीत, आजही एखाद्या जुन्या बिल्डिंगीच्या बाजूच्या गल्लीत उभं राहून वर बघा, लगेच कळेल.

आणि हे झटपट झालेलं नाही बरं का. आखणी १९०० च्या आसपासची, पण वस्ती खऱ्या अर्थाने भरली १९२० आणि ३० च्या दशकांत. ट्रस्टच्या मनात आधी छोटे बंगले होते, पण मध्यमवर्गाला भाड्याचा ब्लॉक परवडत होता, बंगला नाही, त्यामुळे दोन-तीन मजली बिल्डिंगी उठल्या. संडास-मोरी घराच्या आत असलेला ब्लॉक ही तेव्हा नवीच गोष्ट होती, चाळीत राहिलेल्यांना ती पचायला वेळ लागला.

फाइव्हगार्डनवाली
पारशी कॉलनीचं श्रेय मंचेरजी एदलजी जोशींना द्यायलाच हवं. ते ट्रस्टमधेच इंजिनीयर होते, त्यांनी पाठपुरावा करून १०३ प्लॉट मध्यमवर्गीय पारशांसाठी राखून घेतले. म्हणजे जागा ट्रस्टचीच, आखणी ट्रस्टचीच, पण कॉलनी उभी राहिली ती या माणसाच्या चिकाटीने. झाडंसुद्धा ठरवून लावलीत, जमे जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. मला सगळ्यात आवडतं ते हे की या कॉलनीला कुंपणाची भिंत नाही, कुणीही आत येऊन बागेत बसू शकतं, फाइव्ह गार्डन्सना आता जोशींचंच नाव आहे. हिंदू कॉलनीत १९३३ च्या सुमारास बाबासाहेबांनी राजगृह बांधलं तेही याच आखणीतल्या प्लॉटवर, आणि बाहेरचा व्हिन्सेंट रोड आता आंबेडकर रोड झालाय.

चाळकरी
सगळं छान लिहिलंय पण एक बाजू राहतेय आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. उजेड-हवेच्या नावाखाली नागपाडा, मांडवीकडची घरं पाडली त्यातल्या गरीब भाडेकरूंना माटुंग्यात प्लॉट मिळाला नाही. ट्रस्टने चाळी बांधल्या, पण जेवढे लोक हलवले तेवढ्यांना त्या पुरल्या नाहीत, ती माणसं शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली, म्हणजे जी गर्दी मोडायची होती तीच वाढली. दादर-माटुंगा सुंदर आहे, मी नाकारत नाही, पण त्याचा इतिहास सांगताना ही माणसं सांगितलीच पाहिजेत. आणि वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी वेगळ्या, त्या १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (म्हणून बीडीडी) बांधल्या, लोक नेहमी दोन्हींची सरमिसळ करतात.

नकाशेप्रेमी
@चाळकरी, पूर्ण सहमत, मीच लिहायला हवं होतं.
@भटक्या, शिवाजी पार्कचं मैदान १९२५ चं, आधी नाव माहीम पार्क, १९२७ ला महाराजांच्या त्रिशताब्दीला बदललं. भोवतीच्या गोल गच्च्यांच्या बिल्डिंगी बऱ्याचशा ३० आणि ४० च्या दशकांतल्या. ट्रस्टचा कारभार १९३३ ला महापालिकेकडे गेला, त्यामुळे जुन्या प्लॉटची लीज आता पालिकेकडे असते. तुमच्या ओळखीत जुन्या बिल्डिंगीत कुणी राहत असेल तर सोसायटीचे मूळ कागद बघायला मागा, त्यावर स्कीम नंबर आणि प्लॉट नंबर असतो, त्यावरून कुठली आखणी ते कळेल.

भटक्या_दादरकर
खूप आभार सगळ्यांचे. कागदाचं लक्षात ठेवतो, पाचव्या गल्लीत एक काका आहेत, त्यांना विचारतो.