असिस्टंट कोच म्हणूनच आख्खं करिअर?

प्रश्न: अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचे काही असिस्टंट कोच वर्षानुवर्षं एकाच हेड कोचच्या हाताखाली काढतात, त्यांना पुढे जावंसं वाटत नाही का?

उत्तर: बिल गथ्रिज बघ ना. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत हेड कोच डीन स्मिथच्या बाजूला १९६७ पासून तब्बल ३० वर्षं, आणि १९९७ मध्ये स्मिथ रिटायर झाल्यावर साठीत पहिल्यांदा तिथला हेड कोच झाला, मग तीनच सीझन, त्यात १९९८ आणि २००० असे दोन वेळा फायनल फोर (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीम)! मला तर हा माणूस फार म्हणजे फार मोठा वाटतो.

उत्तर: पण त्याच बेंचवरचा रॉय विल्यम्सही आठवा. हायस्कूलची नोकरी सोडून १९७८ ला आला, सुरुवातीला पगार इतका कमी की घर चालवायला टीमची कॅलेंडरं गावोगाव गाडीने फिरून विकायचा. १० वर्षांनी थेट कॅन्सस युनिव्हर्सिटीचा हेड कोच, नंतर परत येऊन नॉर्थ कॅरोलायनाला २००५, २००९, २०१७ अशी तीन विजेतेपदं.

प्रश्नकर्ता: कॅलेंडरंचं माहीतच नव्हतं, थँक्स. गथ्रिजच्या जुन्या मॅचेस शोधतो आता.