नील डायमंडचं 'हार्टलाइट': खरं प्रेमगीत की 'ई.टी.'ची उसनवारी?

मालकंस_रात्र (धागाकर्ता)

'सिनेमा गाजला म्हणून गाणं चाललं' हे 'हार्टलाइट'बद्दल इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८२च्या जूनमध्ये स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला. पृथ्वीवर चुकून मागे राहिलेला परग्रहवासी आणि त्याला लपवून ठेवणारा एलियट नावाचा मुलगा यांची ती गोष्ट. त्या सिनेमाने भारावून अमेरिकन गायक नील डायमंड, संगीतकार बर्ट बाकारॅक आणि गीतकार कॅरोल बेयर सेगर यांनी मिळून हे गाणं लिहिलं. त्याच वर्षी ते आलं आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं.

माझं म्हणणं असं की हे पूर्ण प्रेमगीत आहे. गाण्यात यान नाही, परग्रह नाही, कुणाचं नावही नाही. परत ये, पुढच्या वेळी थांब, तुझ्या हृदयातला उजेड जाशील तिथे पडू दे, एवढीच आर्जवं आहेत. सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही ती लागू पडतात.

निषाद७

साफ असहमत. नाव घेतलं नाही म्हणून ओळख लपते का? छातीत उजळणारं हृदय ई.टी.चं, चंद्रासमोरून जाणारी सायकल ई.टी.ची, घराची ओढ तर त्याचीच. वर 'मी इथेच असेन' हे शब्द! निरोप घेताना ई.टी. एलियटच्या कपाळाला उजळलेलं बोट लावून जे म्हणतो तेच. सिनेमा वजा करा आणि मग 'हार्टलाइट' या शब्दाला काय अर्थ उरतो ते सांगा. सिनेमातून घेतल्याचा वाद मिटवायला 'ई.टी.' काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओला २५,००० डॉलर द्यावे लागले ते उगाच नव्हे.

मालकंस_रात्र

निषाद, बरं झालं तुम्ही नेमकी तीच ओळ काढलीत, कारण माझा सगळा भरवसा तिच्यावरच आहे. सिनेमात ते शब्द कोण बोलतो? निघून जाणारा. गाण्यात कोण बोलतो? मागे राहिलेला. 'तू हाक मारलीस तर मी इथेच असेन' असं तो म्हणतो. जाणाऱ्याने दिलेला दिलासा इथे वाट पाहणाऱ्याचा शब्द झाला. बोलणारा बदलला की भावनाच पालटते, आणि प्रेमगीत नेमकं तिथे सुरू होतं. एलियटला निरोपाच्या क्षणी जे बोलता आलं नाही ते या गाण्यात कुणीतरी बोलून दाखवलंय.

कोरा_कागद

पैशांबद्दल थोडं. पैसे देऊन वाद मिटवला म्हणजे चोरी शाबीत झाली असं होत नाही. कोर्टकचेरी परवडत नाही म्हणूनही लोक मिटवतात. कॉपीराइट मांडणीवर असतो, नुसत्या कल्पनेवर नाही.

आणि उसनवारीचाच हिशोब मांडायचा तर सत्यजित राय आठवावेत. १९६७च्या सुमारास त्यांनी परग्रहवासीयावरच्या 'द एलियन'ची पटकथा कोलंबिया या हॉलिवूड स्टुडिओसाठी लिहिली होती. तिच्या प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर 'ई.टी.' झालाच नसता, असं ते उघड म्हणत. स्पीलबर्गने ते नाकारलं. खरं-खोटं ठरवायला मी बसलेलो नाही, पण गाण्याला एक न्याय आणि सिनेमाला दुसरा, हे मला पटत नाही.

सायंतारा

माझा आक्षेप उसनवारीला नाहीच. गाणं गुळमट आहे, हे माझं दुखणं. सिनेमात ई.टी. आजारी पडतो तसा एलियटही आजारी पडतो. घरावर प्लास्टिकचे पडदे चढतात, संरक्षक पोशाखातली माणसं आत शिरतात, सुकलेलं फूल पुन्हा ताठ होईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. त्या जिव्हाळ्याची किंमत दोघांनी मोजलेली असते. गाण्यात सगळाच उजेड, दुखणं कुठेच नाही. सिनेमाचा संगीतकार जॉन विल्यम्सने एकही शब्द न वापरता सायकलच्या उड्डाणात जे दिलं, ते इथे तिघांना मिळून साधलं नाही. बाकारॅककडून तर मी फार जास्त अपेक्षा करते. तालाला मध्येच हिसका देणारा माणूस तो, आणि इथे एकदाही दचकवत नाही.

मालकंस_रात्र

सायंतारा, दुखणं शब्दांत नाही हे मान्य, पण आवाजात ऐका. एक्केचाळिशीचा पुरुष आपल्या जाड, खरखरीत आवाजात लहान मुलासारखी विनवणी करतोय. हेच गाणं कोवळ्या आवाजात आलं असतं तर मीही गुळमट म्हटलं असतं. चाल साधी ठेवली ते योग्यच केलं. विनवणीत हिसके कशाला?

निषाद७

बोलणारा बदलल्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरी माझं मत तेच. ज्या सिनेमातून हृदय घेतलं, शब्द घेतले, त्याचं ऋण श्रेयनामावलीत दिसायला हवं होतं, आणि तेही कुणी हरकत घ्यायच्या आधी. प्रेमगीत असेल हो, पण प्रेमगीताला यातून सूट का?