मदत हवी आहे: लिव्हिंग लर्निंग कम्युनिटी घ्यावी का?

आर्याची_आई
लेक ऑगस्टमध्ये अमेरिकेला चाललीय, बॅचलर्सचं पहिलं वर्ष. होस्टेलच्या अर्जात लिव्हिंग लर्निंग कम्युनिटीचा पर्याय आहे, म्हणजे सारख्या विषयाची-आवडीची मुलं एकत्र राहून शिकतात ती सोय. त्यासाठी वेगळे निबंधही मागितलेत. घ्यावी की साधी खोली बरी? शुक्रवार शेवटची तारीख. लवकर सांगा प्लीज.

सह्यकडा
युनिव्हर्सिटी कुठली? विषय? त्याशिवाय काय सांगणार?

निळावंती
डोळे मिटून घ्या. माझा मुलगा अशाच मजल्यावर होता. शेजारच्या खोल्यांतली पोरं त्याच्याच कॅल्क्युलसच्या वर्गातली, अडलं की रात्री अकरालाही दार वाजवता यायचं. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो, घरची आठवण येते, तेव्हा या सोबतीचं मोल कळतं.

खडूफळा
मला नाही पटत. वर्गात तीच तोंडं, जेवायला तीच. अठराव्या वर्षी वेगळ्या विषयांची माणसं भेटायला हवीत.

निळावंती
@खडूफळा, जेवणघर सगळ्यांचं एकच असतं हो! आणि मैत्री आधी एकाशी तरी जुळू दे की.

पोळीभाजी
इंडक्शन शेगडी देऊ नका, होस्टेलच्या खोलीत चालत नाही. मेतकूट, चटण्या द्या.

आर्याची_आई
मिशिगन, ॲन आर्बर. इंजिनिअरिंग. यादीत रेसिडेन्शियल कॉलेज दिसतंय, नाव भारदस्त वाटलं.

सह्यकडा
हे आधी सांगायचं ना ताई! रेसिडेन्शियल कॉलेज १९६७ पासूनचं, ईस्ट क्वाड या होस्टेलमध्ये. उत्तम आहे, पण ते कला-विज्ञान शाखेचं. त्यात परकी भाषा कसून शिकावी लागते. इंजिनिअरिंगच्या वेळापत्रकात ते बसवणं जड जाईल. तिच्यासाठी दोन बघा: विमेन इन सायन्स अँड इंजिनिअरिंगचा निवासी कार्यक्रम आणि मिशिगन रिसर्च अँड डिस्कव्हरी स्कॉलर्स. दुसऱ्यात पहिल्याच वर्षी प्राध्यापकांच्या संशोधनात काम मिळतं.

खडूफळा
पहिल्या सेमिस्टरला संशोधन? आधी गणित-फिजिक्स सांभाळू दे.

सह्यकडा
@खडूफळा, आठवड्याचे थोडे तास असतात, त्याचे क्रेडिट मिळतात. तिथे इंजिनिअरिंगची शाखा पहिल्या वर्षी ठरवावी लागत नाही. प्रयोगशाळेत काम केलं तर कुठली घ्यायची ते तरी उमगेल. ताई, लेकीचं काय म्हणणं आहे?

आर्याची_आई
तिला संशोधनवाला आवडलाय. निबंध मी लिहायला घेतला होता.

सह्यकडा
तो तिलाच लिहू द्या. शाळेत तिने हाताने काय बनवलं, कुठे अडली, हे तिच्या शब्दांत येऊ दे. गुरुवारी रात्रीच पाठवा, तिथल्या आणि आपल्या वेळेत साडेनऊ तासांचा फरक आहे.